बर्लिनमधील आठ मिनिटे: पेकरमान यांच्या तीन बदलांचे प्रकरण

30 जून 2006 रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये 72,000 प्रेक्षकांसमोर अर्जेंटिना आणि यजमान जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना झाला. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच, 49 व्या मिनिटाला, हुआन रोमान रिकेल्मेने घेतलेल्या कॉर्नरवर रोबेर्तो आयालाने हेडर मारून अर्जेंटिनाला आघाडी मिळवून दिली होती. भारतातील घड्याळात रात्रीचे दहा वाजत आले होते तेव्हा ही आघाडी टिकून होती आणि जर्मन संघाला बरोबरीची वाट सापडलेली नव्हती. त्यानंतरच्या आठ मिनिटांत अर्जेंटिनाचे प्रशिक्षक होसे पेकरमान यांनी आपले तिन्ही बदल वापरून टाकले. 71 व्या मिनिटाला जखमी गोलरक्षक रोबेर्तो आबोंदान्झिएरीच्या जागी लिओ फ्रांको आला, 72 व्या मिनिटाला रिकेल्मेच्या जागी एस्तेबान कांबियासो आला आणि 79 व्या मिनिटाला एर्नान क्रेस्पोच्या जागी हुलिओ क्रूझ आला. 80 व्या मिनिटाला मिरोस्लाव क्लोझेने बरोबरी साधली. जादा वेळेत गोल झाला नाही, पेनल्टी शूटआउटमध्ये जर्मनीने 4-2 अशी बाजी मारली, आणि सहाच दिवसांपूर्वी वयाची एकोणीस वर्षे पूर्ण केलेला लिओनेल मेस्सी पूर्ण 120 मिनिटे राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिला.

या सामन्यावरचा वाद त्या रात्री सुरू झाला, तो आजही थांबलेला नाही. कोल्हापुरात विश्वचषक आला की पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, आणि तिथल्या एखाद्या अर्जेंटिनावाल्या फुटबॉलशौकिनासमोर 2006 चे नाव काढले की पहिला प्रश्न हमखास येतो: मेस्सीला का उतरवले नाही? दुसरा प्रश्न रिकेल्मेचा असतो. ब्वेनोस आयरेसमध्ये हा क्रम बहुधा उलटा असेल, पण प्रश्न तेच आहेत. मी स्वतः अनेक वर्षे हेच दोन प्रश्न विचारत होतो. सामना पुन्हा मिनिटामिनिटाने तपासल्यावर माझे मत असे झाले की हा सगळा वाद नावांभोवती फिरत राहिल्यामुळे त्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय नजरेआड राहतो. तो निर्णय 79 व्या मिनिटाचा आहे, आणि त्यात कोण आत आला यापेक्षा तो बदल त्या वेळी करण्याची गरज होती का, हे विचारायला हवे.

प्रशिक्षकाची पार्श्वभूमी

पेकरमान यांना भित्रे किंवा अननुभवी म्हणणाऱ्यांनी त्यांची कारकीर्द आठवून पाहावी. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अर्जेंटिनाने 1995, 1997 आणि 2001 अशा तीन वेळा वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा जिंकली. मलेशियात 1997 साली विजेत्या ठरलेल्या संघात रिकेल्मे होता, कांबियासो होता, पाब्लो आयमार होता आणि लिओनेल स्कालोनीही होता. म्हणजे बर्लिनमध्ये ज्याला बाहेर बोलावले तो आणि ज्याला आत पाठवले तो, हे दोघेही पेकरमान यांनी किशोरवयापासून घडवलेले खेळाडू होते. कोणाच्या पायात किती दम उरला आहे, कोण दडपणाखाली शांत राहतो, याची माहिती त्या मैदानावर त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती. ‘प्रशिक्षकाला आपले खेळाडू कळलेच नाहीत’ हा चाहत्यांचा आवडता आरोप या प्रकरणात तरी टिकत नाही.

शिवाय त्या स्पर्धेत अर्जेंटिनाचा खेळ पेकरमान यांच्याच विचाराचा होता. 16 जूनला गेल्सेनकिर्शेनमध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रोचा 6-0 असा पराभव करताना कांबियासोने केलेला गोल आजही विश्वचषकातील सर्वांत देखण्या सांघिक गोलांत मोजला जातो. वीसहून अधिक पास एकमेकांना देत, घाई न करता, शेवटी क्रेस्पोने टाचेने मागे सरकवलेल्या चेंडूवर तो गोल झाला. त्याच सामन्यात मेस्सी राखीव म्हणून उतरला आणि त्याने विश्वचषकातला आपला पहिला गोल केला. असा संघ घडवणाऱ्या माणसाने दोनच आठवड्यांनी एका गोलची आघाडी राखण्यासाठी आपला दहा क्रमांकाचा खेळाडू काढून घ्यावा, हे लोकांना सहन झाले नाही. त्यांच्या रागाचे मूळ निकालात होते तितकेच या विसंगतीतही होते.

72 वे मिनिट: रिकेल्मे बाहेर

अर्जेंटिनात रिकेल्मेच्या जागेला ‘एन्गान्चे’ म्हणतात. मधली फळी आणि आघाडीची फळी यांना जोडणारा, चेंडू पायाखाली धरून खेळाची चाल मंद किंवा जलद करणारा हा खेळाडू असतो. तो धावतो कमी आणि इतरांना धावायला लावतो. एन्गान्चे चांगला खेळत असला की संघाला दम खायला वेळ मिळतो, कारण चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातच नाही. आघाडी राखायची असेल तेव्हा अशा खेळाडूचा बचावासाठीही उपयोग असतो, हा रिकेल्मेच्या बाजूने केला जाणारा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे आणि तो मला मान्य आहे.

तरीही हा बदल अविचारी होता असे मी म्हणणार नाही. अर्जेंटिनाने 24 जूनला लाइपझिगमध्ये मेक्सिकोविरुद्ध 120 मिनिटे खेळून, मॅक्सी रॉड्रिगेझच्या 98 व्या मिनिटाच्या गोलमुळे, 2-1 असा विजय मिळवला होता आणि रिकेल्मे त्या सामन्यात अखेरपर्यंत मैदानावर होता. त्याच दिवशी जर्मनीने स्वीडनला 90 मिनिटांतच 2-0 असे संपवले होते. बर्लिनमध्ये जर्मनीचा टोर्स्टन फ्रिंग्स रिकेल्मेची पाठ सोडत नव्हता. रिकेल्मे थकला होता, हे पेकरमान यांचे म्हणणे पडताळून पाहिले तर खरे वाटते. दमलेला एन्गान्चे चेंडू गमावू लागला की मध्यभागी भगदाड पडते, कारण चेंडू परत मिळवण्यासाठी मागे धावणे हे त्याचे काम कधीच नसते. त्याच्या जागी कांबियासोसारखा जागा न सोडणारा आणि पास अचूक देणारा मध्यरक्षक आणणे, हा पाठ्यपुस्तकातला निर्णय होता.

प्रश्न इतकाच होता की त्याच जागेसाठी आयमारही बाकावर उपलब्ध होता. आयमार आला असता तर चेंडू धरून ठेवणारा माणूस मैदानावर राहिला असता आणि ताज्या पायांचाही लाभ झाला असता. कांबियासो आल्यावर अर्जेंटिनाच्या मधल्या फळीत चेंडू अडवणारे वाढले आणि चेंडू पुढे नेणारे कमी झाले. संघ आपोआप दहा-पंधरा पावले मागे सरकला. पेकरमान यांनी खेळाडूंना मागे जा असे सांगितले असेल किंवा नसेल, पण अकरा जणांची रचनाच तसे सांगत होती. चाहत्यांमधला हा वाद म्हणूनच सोपा नाही: रिकेल्मेला काढणे बरोबर आणि कांबियासोला आणणे चूक, असेही एखादा प्रामाणिकपणे म्हणू शकतो. दुर्दैवाने बहुतेक चर्चांत ही दोन्ही वाक्ये एकच समजली जातात.

79 वे मिनिट: शेवटचा बदल

त्या काळी प्रत्येक संघाला सामन्यात तीनच बदल करता येत, आणि सामना जादा वेळेत गेला तरी चौथा मिळत नसे. या नियमाचा विसर पडला की 79 व्या मिनिटाचे गांभीर्य लक्षात येत नाही. आबोंदान्झिएरी हवेतला चेंडू घेताना क्लोझेशी झालेल्या टकरीत जखमी झाला, काही काळ तसाच उभा राहिला आणि अखेर त्याला बाहेर जावे लागले. त्या बदलात पेकरमान यांना काहीच पर्याय नव्हता. पण गोलरक्षकावर एक बदल खर्च झाला की उरलेल्या दोनांची किंमत वाढते. 71 व्या मिनिटाला ती किंमत वाढली आणि 72 व्या मिनिटाला दुसरा बदल झाला. रिकेल्मेचा बदल बहुधा आधीच ठरलेला असणार, आणि गोलरक्षकाच्या दुखापतीने तो पुढे ढकलला गेला नाही. येथे क्षणभर थांबून हिशेब नव्याने मांडायला हवा होता, असे मला वाटते, तरी इतक्या लहान अवधीत तसे न करणाऱ्या माणसाला फार बोल लावता येणार नाही.

तिसऱ्या बदलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बदलांमध्ये सात मिनिटे होती. त्या सात मिनिटांत जर्मनीने आपला पवित्रा उघड केला होता: उंच चेंडू, दोन्ही बाजूंनी क्रॉस आणि पेनल्टी क्षेत्रात उंच खेळाडूंची गर्दी. क्रूझच्या निवडीचे समर्थन करणारे नेमके हेच सांगतात. क्रूझ उंच होता, पुढे उंच चेंडू झेलून धरू शकत होता आणि कॉर्नरच्या वेळी आपल्या गोलसमोर येऊन हेडरही मारू शकत होता. मेस्सी यातले काहीच करू शकला नसता. हा युक्तिवाद त्याच्या जागी खरा आहे. पण पेकरमान यांच्या हातात तेव्हा एकच बदल उरला होता आणि सामन्यात निदान अकरा मिनिटे, कदाचित एकेचाळीस मिनिटे, शिल्लक होती. आघाडी टिकली असती तर त्या बदलाची फारशी गरजच नव्हती. आघाडी गेली असती तर तो एकमेव बदल अर्जेंटिनाकडे उरलेले एकमेव शस्त्र ठरणार होता. आघाडी असतानाच तो वापरून टाकल्याने, जिथे त्याची खरी गरज पडणार होती त्या प्रसंगासाठी हातात काहीच उरले नाही.

आणि तो प्रसंग साठ सेकंदांत आला. डाव्या बाजूने मिखाएल बालाकचा क्रॉस, टिम बोरोवस्कीने डोक्याने पुढे ढकललेला चेंडू आणि क्लोझेचा हेडर. उंचीसाठी आणलेला क्रूझ मैदानावर असतानाच दोन जर्मन खेळाडूंच्या डोक्यांवरून जात चेंडू जाळ्यात गेला. यासाठी क्रूझला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण तो आघाडीवीर होता आणि त्याला मैदानावर येऊन जेमतेम एक मिनिट झाले होते. पण त्याला आणण्यामागचा हेतू आणि झालेला गोल समोरासमोर ठेवले की लोक का चिडले हे समजते.

त्यानंतर चाळीस मिनिटे अर्जेंटिना खेळत राहिली. कार्लोस तेवेझ जिवाच्या आकांताने धावत होता, हावियर मास्चेरानो प्रत्येक चेंडूवर झडप घालत होता. जर्मन संघही थकला होता, बालाक जादा वेळेत लंगडत खेळत होता. अशा वेळी ताज्या पायांचा, चेंडू पायाला चिकटवून दोन-तीन जणांना मागे टाकणारा खेळाडू पाहिजे होता, आणि असे तिघे, मेस्सी, आयमार आणि हावियर साविओला, रेषेबाहेर बसून होते. त्या तिघांना पाहून हळहळणाऱ्या चाहत्याच्या मनात ‘मेस्सी का नाही’ हा प्रश्न उमटतो. तो स्वाभाविक आहे. मात्र 80 व्या मिनिटानंतर मेस्सीला उतरवणे शक्यच नव्हते, ही गोष्ट तो प्रश्न विचारणारे कित्येकदा विसरतात.

मेस्सीविषयी

इथे चाहत्यांच्या स्मरणशक्तीचा एक दोष स्पष्ट बोलायला हवा. 2006 च्या मेस्सीला आपण 2022 च्या मेस्सीच्या डोळ्यांनी पाहतो. त्या वर्षी मार्चमध्ये चेल्सीविरुद्ध खेळताना त्याच्या मांडीला दुखापत झाली होती आणि बार्सिलोनाने जिंकलेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातही तो नव्हता. विश्वचषकात तो हळूहळू लयीत येत होता. पेकरमान यांनी त्याला टप्प्याटप्प्याने वापरले आणि त्याच्या वयाचा, दुखापतीचा विचार करता ते शहाणपणाचे होते. त्या दिवशी त्याच्याऐवजी दुसऱ्याला पसंती देणारा प्रशिक्षक पुढे जगातला सर्वांत मोठा ठरणार असलेल्या खेळाडूला नाकारत नव्हता. तो दुखापतीतून नुकत्याच सावरलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाला आणखी काही मिनिटे थांबवत होता. म्हणून मेस्सीला न उतरवणे ही घोडचूक होती, या सर्वमान्य निष्कर्षाशी मी सहमत नाही. त्याला उतरवण्याची शक्यता अकरा मिनिटे शिल्लक असताना संपवून टाकणे ही चूक होती, आणि हे दोन आरोप मी एक मानत नाही.

क्लिन्समान यांचे बदल

त्याच मैदानाच्या दुसऱ्या बाकाकडे पाहिले तर हा फरक अधिक उठून दिसतो. जर्मनीचे प्रशिक्षक युर्गन क्लिन्समान यांनी 62 व्या मिनिटाला बेर्न्ट श्नायडरच्या जागी डाविड ओडोनकोरला आणले, आणि त्याच्या वेगामुळे उजवी बाजू जागी झाली. 74 व्या मिनिटाला बास्टियन श्वाइनश्टायगरच्या जागी बोरोवस्की आला, आणि सहा मिनिटांनी त्यानेच क्लोझेच्या गोलला हात लावला, किंवा खरे तर डोके लावले. तिसरा बदल क्लिन्समान यांनी बरोबरी होईपर्यंत राखून ठेवला. 86 व्या मिनिटाला क्लोझेऐवजी ऑलिव्हर नॉयव्हिल आला, आणि शूटआउटमधली पहिली पेनल्टी नॉयव्हिलने, तर शेवटची यशस्वी पेनल्टी बोरोवस्कीने मारली. जर्मनी तेव्हा मागे होती, त्यामुळे धोका पत्करणे तिला भाग होते आणि म्हणून सोपेही होते, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे. आघाडीवर असलेल्या प्रशिक्षकाचे काम अधिक कठीण असते, कारण त्याच्या प्रत्येक बदलात काहीतरी गमावण्याची भीती असते. पण बदलांचे अंतर पाहा. क्लिन्समान यांचे तीन बदल चोवीस मिनिटांत पसरले होते, आणि दर वेळी सामना कोणत्या वळणावर आहे ते पाहून पुढचा झाला.

लेमानच्या मोज्यातला कागद

शूटआउटपूर्वी जर्मन गोलरक्षक प्रशिक्षक आंद्रेआस क्योप्के यांनी हॉटेलच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेली एक यादी येन्स लेमानला दिली. कोणता अर्जेंटिनी खेळाडू पेनल्टी कोणत्या बाजूला मारतो, याची ती टिपणे होती. राखीव गोलरक्षक ऑलिव्हर कानने, ज्याची जागा लेमानने घेतली होती, जमिनीवर बसलेल्या लेमानजवळ येऊन त्याचा हात हातात घेतला. हा क्षण मला आजही त्या सामन्यातील सर्वांत हृद्य वाटतो. तो कागद लेमानने मोज्यात खोचला आणि प्रत्येक फटक्याआधी बाहेर काढून वाचला. पुढे त्या कागदाचा धर्मादाय कामासाठी दहा लाख युरोंना लिलाव झाला.

या प्रकरणाच्या दृष्टीने त्या यादीतली नावे महत्त्वाची आहेत. यादीत सात जण होते: रिकेल्मे, क्रेस्पो, हाइन्झे, आयाला, मेस्सी, आयमार आणि रॉड्रिगेझ. पहिली दोन नावे बदलांमुळे बाहेर गेली होती. मेस्सी आणि आयमार उतरलेच नव्हते. नियमाप्रमाणे जादा वेळेच्या अखेरीस मैदानावर असलेल्या खेळाडूंनाच पेनल्टी मारता येते. म्हणजे जर्मनांनी ज्यांचा अभ्यास केला होता त्या सातांपैकी चौघांना ती संधीच नव्हती, आणि उरलेल्या तिघांपैकी फक्त आयाला आणि रॉड्रिगेझ यांनी फटके मारले. आयालाचा फटका लेमानने अडवला, रॉड्रिगेझचा आत गेला. क्रूझ आणि कांबियासो यांची नावे यादीत नव्हती. क्रूझने पहिली पेनल्टी यशस्वी केली. चौथ्या फटक्याला कांबियासो आला तेव्हा लेमानने तो कागद नेहमीपेक्षा जास्त वेळ निरखला, जणू त्यावर काही लिहिले आहे. कांबियासोच्या नावापुढे काहीच नव्हते, कारण त्याचे नावच नव्हते. फटका अडवला गेला आणि सामना संपला.

चाहत्यांच्या वादात या कागदाचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. एक बाजू म्हणते की पहिल्या पसंतीचे दोन्ही पेनल्टी मारणारे काढून पेकरमान यांनी शूटआउट आधीच गमावला होता. दुसरी बाजू आठवण करून देते की 25 एप्रिल 2006 रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत, व्हियारेआलच्या मैदानावर, सामना संपता संपता मिळालेली पेनल्टी रिकेल्मेने आर्सेनलविरुद्ध वाया घालवली होती, आणि ती अडवणारा गोलरक्षक लेमानच होता. दोनच महिन्यांनी त्याच दोघांना समोरासमोर उभे करणे कितपत हिताचे झाले असते, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आबोंदान्झिएरीचे नुकसान मात्र मला या दोहोंपेक्षा मोठे वाटते. 2003 मध्ये मिलानला शूटआउटमध्ये हरवून इंटरकाँटिनेंटल कप जिंकणाऱ्या बोका ज्युनियर्सच्या गोलमध्ये तोच उभा होता. फ्रांकोला जर्मनांच्या चारपैकी एकही फटका अडवता आला नाही. या भागात प्रशिक्षकाचा कोणताही दोष नव्हता, आणि म्हणूनच बहुधा चर्चेत तो सर्वांत कमी येतो. ज्याला दोषी धरता येत नाही अशा कारणात आपल्याला रस वाटत नाही.

एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या दिवसापर्यंत अर्जेंटिनाने विश्वचषकातील आपले तिन्ही शूटआउट जिंकले होते, दोन 1990 मध्ये आणि एक 1998 मध्ये. जर्मनीनेही आपले तिन्ही जिंकले होते. सामना पेनल्टीवर गेला तर आपल्याच बाजूने लागेल असे मानायला पेकरमान यांच्याकडे इतिहासाचा आधार होता, तसाच तो समोरच्या बाकाकडेही होता.

देशातला जुना वाद

अर्जेंटिनात हा वाद एका सामन्यापुरता कधीच नव्हता. तिथे फुटबॉलचे दोन विचारप्रवाह 1978 चे विजेते प्रशिक्षक सेसार लुइस मेनोत्ती आणि 1986 चे विजेते कार्लोस बिलार्दो यांच्या नावांनी ओळखले जातात. एक म्हणतो की चेंडू सुंदर खेळवून जिंका. दुसरा म्हणतो की जिंकण्याला सौंदर्याची अट घालू नका. पेकरमान यांच्याकडे पहिल्या प्रवाहाचे लोक आपला माणूस म्हणून पाहत होते. बर्लिनमधल्या शेवटच्या वीस मिनिटांत त्यांनी दुसऱ्या प्रवाहाचा मार्ग धरला आणि हरले, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलायला कोणीच उरले नाही. मेनोत्तीवाद्यांनी त्यांना बाटला म्हणून सोडले, तर बिलार्दोवाद्यांना ते कधी आपले वाटलेच नव्हते. सामना संपल्यानंतर त्याच दिवशी पेकरमान यांनी राजीनामा दिला. रिकेल्मेवरही टीकेचा इतका मारा झाला की त्याने सप्टेंबर 2006 मध्ये आईच्या तब्येतीचे कारण देऊन राष्ट्रीय संघ काही काळ सोडला. एका बदलाचे मोल एका माणसाच्या घरापर्यंत पोचले, याचा विचार तावातावाने वाद घालणाऱ्यांनी करायला हवा, आणि त्यांत मी स्वतःलाही धरतो.

अशा प्रकरणाचा आद्य नमुना 1970 मधला आहे. बदली खेळाडूंची मुभा असलेला तो पहिला विश्वचषक. मेक्सिकोतील लिओन शहरात उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध 2-0 ने पुढे होते. बेकनबाउअरने एक गोल फेडताच इंग्लंडचे प्रशिक्षक सर आल्फ रॅम्झी यांनी बॉबी चार्ल्टनला पुढच्या सामन्यासाठी विश्रांती म्हणून बाहेर बोलावले. इंग्लंड 3-2 असे हरले आणि पुढचा सामना आलाच नाही. तिथेही लोक चार्ल्टनचे नाव घेतात, आणि आजारी गोलरक्षक गॉर्डन बँक्सच्या जागी आलेल्या पीटर बोनेट्टीचे. पण रॅम्झी यांची चूक पेकरमान यांच्यापेक्षा मोठी होती असे मी मानतो, कारण रॅम्झी हातातल्या सामन्याऐवजी उद्याच्या सामन्याचा विचार करत होते. पेकरमान निदान हाच सामना जिंकू पाहत होते.

लुसैलमधील उलट परीक्षा

9 डिसेंबर 2022 रोजी कतारमधील लुसैल येथे हाच प्रसंग पुन्हा उभा राहिला. उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना नेदरलँड्सविरुद्ध 2-0 ने पुढे. प्रशिक्षक होते पेकरमान यांच्या 1997 च्या संघातले, आणि 2006 च्या विश्वचषक संघातही असलेले, लिओनेल स्कालोनी. त्यांच्या साहाय्यकांत आयमार होते, आणि बर्लिनमध्ये गोल करून पुढे पेनल्टी गमावणारे आयालाही होते. स्कालोनी यांनीही आघाडी राखण्यासाठी बदल केले. 78 व्या मिनिटाला ताल्याफिको आणि पेझ्झेला हे दोन बचावपटू आत आले, 82 व्या मिनिटाला हुलियान आल्वारेझच्या जागी लाउतारो मार्तिनेझ आला, आणि 83 व्या मिनिटाला वाउट वेगहोर्स्टने उंच चेंडूवर हेडरने एक गोल फेडला. भरपाईच्या वेळेच्या अकराव्या मिनिटाला पेझ्झेलाच्याच फाउलमधून मिळालेल्या फ्री किकवर वेगहोर्स्टने बरोबरी केली. बर्लिनचा शब्दशः पुनरुच्चार व्हावा असे ते दृश्य होते.

एक फरक होता. बदलांचे नियम सैल झाले होते: पाच बदल आणि जादा वेळेत सहावा. स्कालोनी यांचे चार वापरून झाले होते, दोन उरले होते, आणि पस्तिशीतला मेस्सी मैदानावरच होता. 106 व्या मिनिटाला मोंतिएल आला. 112 व्या मिनिटाला, पूर्ण तंदुरुस्त नसलेल्या आंखेल दि मारियाला स्कालोनी यांनी लिसांद्रो मार्तिनेझ या बचावपटूच्या जागी पाठवले. सामना बरोबरीत असताना, शूटआउट डोळ्यांसमोर दिसत असताना, बचावातला माणूस काढून आक्रमणातला आणला. शेवटच्या आठ मिनिटांत अर्जेंटिना नेदरलँड्सच्या गोलवर तुटून पडली. गोल झाला नाही, पण शूटआउटमध्ये 4-3 असा विजय मिळाला आणि निर्णायक पेनल्टी लाउतारो मार्तिनेझने, म्हणजे एका राखीव खेळाडूने, मारली.

स्कालोनी यांनी पहिले चार बदल पेकरमान यांच्याहून वेगळे केले होते असे मला दिसत नाही. तीच भीती, तोच बचाव, गोल खाण्याची तीच पद्धत. फरक आहे तो 112 व्या मिनिटात, जिथे दि मारिया रेषेवर उभा आहे आणि बर्लिनच्या त्या सायंकाळी मैदानावर असलेले आयाला बाकावरून ते पाहत आहेत.